शहरातल्या मातीतून बुरशी वेगळी करायचीये, पण सगळ्या प्लेट्स रायझोपसच व्यापतोय

मृद्गंध_२४ | पुणे

नमस्कार. मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनला विषय घेतलाय शहरी मातीतल्या बुरश्या वेगळ्या करून ओळखणं. दीड महिना झाला आणि आता खरंच अडकलेय म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय काय चुकतंय ते कुणाला कळणार नाही.

सहा जागा घेतल्यात. कर्वे रस्त्यावरचा दुभाजक, आमच्या सोसायटीची बाग, वेताळ टेकडीचा पायथा, मुठेचा काठ, एका शाळेचं मैदान, आणि एक चौक जिथे लोक रोज सकाळी पारव्यांना दाणे टाकतात. प्रत्येक ठिकाणाहून एकेक पिशवी माती आणली, १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक पाण्यात, तिथून एकास हजारपर्यंत डायल्युशन, त्यातलं ०.१ मिली पीडीएवर (बटाटा-डेक्स्ट्रोज आगार, बुरशी वाढवायचा मीडिया) पसरवलं, २८ अंशाला ठेवलं. बॅक्टेरिया नको म्हणून स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक मीडियात टाकूनच ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक) केलं.

पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कापसासारखं पांढरं, संध्याकाळपर्यंत करडं आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके, आणि तिसऱ्या दिवशी झाकण उचललं की सगळं वर चिकटून येतं, खाली दुसरी एकही कॉलनी वेगळी काढता येत नाही. सहापैकी चार जागांचं हेच, नुसता रायझोपस. मधूनच ओले चिकट बॅक्टेरियाचे ठिपके पण येतात, ते अँटिबायोटिक टाकूनही का येतात कळत नाही.

त्या कापसातून जे थोडं बचावलं त्यात काळ्या कॉलन्या खूप. वहीत मी आतापर्यंत ३१ वेळा अ‍ॅस्परजिलस नायजर लिहिलंय आणि आता मलाच खात्री वाटत नाही. नदीकाठच्या चार पांढऱ्या कॉलन्या तीन आठवडे झाले तरी बीजाणूच धरत नाहीत. बागेच्या मातीत मात्र १४ पैकी १० कॉलन्या हिरव्या, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरश्यांना रोखणारी उपयोगी बुरशी) वाटतात, म्हणजे बागेची माती बाकी शहरापेक्षा निरोगी आहे असं लिहायचं मनात आहे.

गाइड म्हणतात यादी तयार कर, नाव लागत नसेल तर सिक्वेन्सिंगला (डीएनए वाचून ओळखायला) पाठव. ४२ आयसोलेट (वेगळे करून ठेवलेले नमुने) आहेत, सगळे पाठवायला पैसे नाहीत. कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा कुठून सुरुवात करू. रोज रात्री प्लेट्स बघून झोपते आणि सकाळी पुन्हा तेच कापूस.

बुरशीमित्र | कोल्हापूर

सविस्तर लिहिलंस ते फार बरं झालं, त्यामुळे अंदाज बांधता येतोय. मी २८ वर्षं कॉलेजात बुरशी शिकवली, आता निवृत्त आहे, म्हणून तू म्हणतोय.

आधी सोपं. स्ट्रेप्टोमायसिन ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही. १२१ अंशाला १५ मिनिटं गेलं की त्याचा जोर संपला. ते वेगळं पाण्यात विरघळवून फिल्टर करून, मीडिया हाताला सोसेल इतका, ४५ ते ५० अंशावर आला की मग मिसळायचं. हे जमणार नसेल तर क्लोरॅम्फेनिकॉल वापर, लिटरला १०० मिलिग्रॅम, ते उष्णतेला टिकतं, मीडियाबरोबरच ऑटोक्लेव्ह होतं. तुझे ओले ठिपके इथूनच आले.

आता रायझोपस. हा पीडीएवर येणारच. बटाटा आणि डेक्स्ट्रोज म्हणजे त्याच्यासाठी पंगतीचं जेवण, २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क आणि २० ग्रॅम डेक्स्ट्रोज लिटरमध्ये, इतकं गोड खायला मिळाल्यावर तो दोन दिवसांत प्लेट भरतो आणि ज्यांना वाढायला आठवडा लागतो ते त्याच्याखाली गाडले जातात. मातीतून पहिल्यांदा काढताना पीडीए नकोच. मार्टिननं १९५० मध्ये रोज बेंगॉल आणि स्ट्रेप्टोमायसिनचा मीडिया दिला तो याच कारणासाठी. रोज बेंगॉलनं कॉलनी पसरत नाही, घट्ट आणि छोटी राहते. त्यात डायक्लोरॅन घातलं, लिटरला फक्त २ मिलिग्रॅम, की रायझोपस आणि म्युकरला चांगलाच लगाम बसतो. हा डीआरबीसी (डायक्लोरॅन रोज बेंगॉल क्लोरॅम्फेनिकॉल) मीडिया तयार पावडरीत मिळतो, स्टोअरकीपरला विचार, कधीकधी कपाटात अर्धा डबा पडलेला असतो. एक गोष्ट मात्र जिवापाड सांभाळ, रोज बेंगॉलच्या प्लेट्स उजेडात ठेवायच्या नाहीत. उजेडात तो रंग स्वतःच विषारी होतो आणि नाजूक बुरश्या मरतात. मी दरवर्षी पोरांना काळ्या कागदात गुंडाळायला लावायचो. आणि त्यावर कॉलनी गुलाबी शोषून घेते, म्हणून रंग तिथे वाचायचा नाही, पीडीए किंवा माल्टवर उतरवून मग वाचायचा.

प्लेट लावली की २४ तासांपासून दर बारा तासांनी बघ. कॉलनी टाचणीएवढी दिसली की तिथेच खालून मार्करने खूण कर आणि कडेचा धागा सुईनं उचलून दुसरीकडे ने. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि उलट, जी प्लेट रिकामी वाटते ती फेकायची नाही, दोन आठवडे ठेव. शहराच्या मातीत बघण्यासारखं बरंच काही दहाव्या दिवशी येतं.

पण माझा मुद्दा याहून मोठा आहे. वॉरकपनं १९५५ मध्ये दाखवलं की डायल्युशन प्लेटवर येणाऱ्या बहुतेक कॉलन्या मातीत झोपलेल्या बीजाणूंपासून येतात, मातीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या धाग्यांपासून नाही. म्हणजे जी बुरशी ढिगानं बीजाणू सांडते, पेनिसिलियम, अ‍ॅस्परजिलस, ती प्लेटवर जास्त दिसते, मग ती त्या मातीत काही करत असो वा नसो. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही. तुझ्या प्लेटवर २३ कॉलन्या आल्या तर तू दहा हजारानं गुणून ग्रॅमला २ लाख ३० हजार लिहिशील, गणित बरोबर आहे, पण तो आकडा कसला आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं. तो बीजाणूंचा आकडा आहे.

म्हणून डायल्युशनच्या जोडीला माती धुवून बघ. पार्किन्सन आणि विल्यम्सची १९६१ ची पद्धत. दोनतीन चाळण्या एकात एक ठेवून माती निर्जंतुक पाण्यानं दहावीस वेळा धुवायची, सुटे बीजाणू वाहून जातात, मग अर्ध्या ते एक मिलिमीटरचे कण निर्जंतुक टिपकागदावर कोरडे करायचे आणि एका प्लेटवर चारपाच कण ठेवायचे. कणाला चिकटलेला धागा वाढतो. कामाची पद्धत कंटाळवाणी आहे, हात पाण्यात भिजून सुरकुततात, पण पहिल्या प्लेटवर फरक दिसेल. दुसरा एक उपाय, थोडी माती ६० टक्के इथेनॉलमध्ये काही मिनिटं ठेवून मग लावायची. रायझोपस बहुतेक मरतो, जाड भिंतीचे बीजाणू, म्हणजे अ‍ॅस्कोस्पोर टिकतात, टॅलॅरोमायसिससारख्या बुरश्यांचे.

एकेक पिशवी माती आणलीस तेही पुरेसं नाही. एका जागेत पाच ठिकाणी, वरचा पाचोळा आणि एकदोन सेंटिमीटर बाजूला करून, खाली दहापंधरा सेंटिमीटरपर्यंत घ्यायचं, पाचही एकत्र करायचे. खुरपं दर वेळी ७० टक्के अल्कोहोलनं पुसून ज्योतीवरून फिरव. सामू आणि ओलावा त्याच दिवशी मोज. दुभाजकात सिमेंट आणि चुन्याचा राडारोडा असतो, सामू ८ च्या वर गेलेला मिळेल, आणि आपली दख्खनची काळी माती मुळातच अल्कधर्मी आहे.

मुळशी_नर्सरी

मी काही मायक्रोबायोलॉजीवाला नाही, आमची रोपवाटिका आहे आणि सोसायट्यांच्या बागांची कामं घेतो. पण तुमचं ते बागेतलं १४ पैकी १० वाचलं आणि लिहावंसं वाटलं. ताई, आधी माळ्याला विचारा की त्यानं पावसाळ्याआधी ट्रायकोडर्मा टाकला होता का.

आम्ही टाकतो. शेणखतात किंवा निंबोळी पेंडीत मिसळून, आठवडाभर ओलं करून सावलीत झाकून ठेवायचं, हिरवट दिसायला लागलं की वाफ्यात द्यायचं. मर रोगासाठी. पाकिटावर ग्रॅमला २० लाख सीएफयू (म्हणजे कॉलनी धरू शकणारे जिवंत बीजाणू) छापलेलं असतं. असं चार किलो एका बागेत गेलं की तुमच्या प्लेटवर तेच येणार ना.

आणि दुसरं, ती माती त्या जागेची नसते. दुभाजक म्हणा, बाग म्हणा, आम्ही ट्रकनं लाल माती आणि पोयटा आणतो, खाली मुरूम, वर शेणखत, कोकोपीट. दुभाजकातली माती तर बारा गावचं पाणी प्यायलेली असते, एक खेप एकीकडची, दुसरी खेप दुसरीकडची. पुण्याची माती म्हणून लिहायचं असेल तर टेकडीचा पायथा आणि मैदान धरा, बाकीचं कुठून आलं ते आधी काढा. विचारलं तर कॉन्ट्रॅक्टर सांगतो, यात लपवण्यासारखं काही नाही.

लॅबवाली_नागपूर

नर्सरीवाल्या दादांनी जे सांगितलं ते तुझ्या गाइडनीसुद्धा वाचायला हवं, इतकं मोलाचं आहे.

मी हॉस्पिटलच्या मायकॉलॉजी लॅबमध्ये आहे, मला फक्त एका जागेबद्दल बोलायचंय, पारव्यांचा चौक. ती माती तू साध्या टेबलावर पसरवतेस का? तसं असेल तर आजपासून बंद कर. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स हा यीस्ट सापडतो, जगभर सापडलाय, आणि तो श्वासातून फुप्फुसात जातो, तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, पण तुझ्या लॅबमध्ये कुणी स्टेरॉइडवर असेल, कुणाला मधुमेह असेल, ते तुला माहीत नसतं. माती घेताना आधी पाणी शिंपड म्हणजे धूळ उडणार नाही, एन९५ लाव, आणि पिशवी उघडायची ती बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. लॅमिनार फ्लो चालणार नाही, साध्या लॅमिनारमध्ये हवा प्लेटवरून तुझ्या तोंडावर येते, म्हणजे प्लेट सुरक्षित आणि तू नाही. हा फरक खूप ठिकाणी शिकवलाच जात नाही.

दुसरं, ३७ आणि ४५ अंशाला एकेक प्लेट लाव. ४५ ला जी निळसर हिरवी, मखमलीसारखी वाढते ती अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस असण्याची शक्यता खूप. ती प्लेट उघडून वास घेऊ नकोस, कुठलीच प्लेट हुंगू नकोस, पॅराफिल्म लावून ठेव. टाकून द्यायच्या प्लेट्स आधी ऑटोक्लेव्ह, मग कचरा.

तुझ्या कापसाकडे दुर्लक्ष करू नकोस एवढंच अजून सांगते. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत आमच्याकडे रोज काळ्या बुरशीच्या संशयाचे नाकातले नमुने यायचे, केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात मायक्रोस्कोपखाली रुंद, फितीसारखे, आत आडवे पडदे नसलेले धागे दिसले की हातातलं पेन तिथेच थांबायचं, कारण वॉर्डातल्या त्या पेशंटचा डोळा जाणार की राहणार ते त्या दिवसावर असायचं. त्यात सगळ्यात जास्त रायझोपस अर्‍हायझसच होता. तो आपल्याच मातीतला आहे, पावसानंतरच्या प्रत्येक अंगणात. तुला तो फेकून द्यायचा उपद्रव वाटतोय पण कुठल्या जागेत किती आला हे लिहून ठेवलंस तर ते आम्हाला उपयोगी आहे. शक्य असेल तर नुसतं रायझोपस न लिहिता ३७ ला वाढतो का, ४५ ला वाढतो का ते पण नोंदव.

आणि ते न फळणारे पांढरे चार. नदीकाठचे म्हणालीस, धागे रुंद आहेत का, पडदे आहेत का ते बघ. पडदे नसतील तर ते अ‍ॅपोफिझोमायसिस किंवा सॅक्सेनिया असू शकतात, हे दोघं पीडीएवर बीजाणूच धरत नाहीत. दोन्ही भारतातल्याच मातीतून पहिल्यांदा वर्णन झालेले आहेत, सॅक्सेनिया १९५३ ला मध्य प्रदेशातल्या सागरजवळच्या जंगलातून, अ‍ॅपोफिझोमायसिस १९७९ ला उत्तर भारतातल्या आंबराईतून. आम्ही काय करतो, कॉलनीचा आगारसकट छोटा चौकोन कापून निर्जंतुक पाण्याच्या प्लेटमध्ये तरंगत ठेवतो, त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्टचे फिल्टर केलेले थोडे थेंब, ३७ अंश, दहाबारा दिवस. उपाशी ठेवल्यावर धरतात. आणि हे दोन्ही जखमेतून आजार करणारे आहेत, हातमोजे घाल.

मृद्गंध_२४

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल रात्री हे तीनदा वाचलं.

माळीकाकांना विचारलं. जूनमध्ये टाकला होता, दोन पाकिटं, शेणखतात. निरोगी मातीचं वाक्य खोडलं. म्हणजे मी एका पाकिटातली बुरशी मोजून ती मातीची म्हणून लिहिणार होते, आणि गाइडनीही विचारलं नसतं, मीही विचारलं नसतं, तसंच छापलं गेलं असतं. आता प्रत्येक जागेसाठी माती कुठून आली, खत काय, फवारणी काय, असा एक तक्ता करतेय.

लॅबवाली ताई, हो, साध्या टेबलावरच उघडत होते, मास्क कापडी. चौकाची पिशवी सील करून वेगळी ठेवली आहे. आमच्याकडे एकच बायोसेफ्टी कॅबिनेट आहे, ते दुसऱ्या विभागात, परवानगीचा अर्ज दिलाय.

दोन प्रश्न राहिले. ३१ नायजरचं काय करू, आणि सिक्वेन्सिंगला काय पाठवू?

बुरशीमित्र

नायजर आधी. काळी अ‍ॅस्परजिलस म्हणजे एक जात नाही, तो एक मोठा गट आहे. नायजर, ट्युबिन्जेन्सिस, वेलविचिए, हे तिघं मायक्रोस्कोपखाली जवळपास सारखे. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्ल्यूच्या रंगात तुला जे दिसलं, मोठं गोल डोकं, दोन थर, काळे खडबडीत बीजाणू, त्यावरून तू अ‍ॅस्परजिलस, नायग्री सेक्शन (म्हणजे हा काळ्यांचा गट), इथपर्यंत खात्रीनं म्हणू शकतेस. त्याच्या पुढचं नाव लिहायचा हक्क मायक्रोस्कोप देत नाही. ३१ ठिकाणी तेवढंच लिही, कुणी कमी लेखलं तर लेखू दे. मी परीक्षक म्हणून कित्येक प्रबंध वाचलेत, जिथे प्रत्येक कॉलनीला पूर्ण नाव असतं तिथे मला धडकी भरते, आणि जिथे पुढे प्रामाणिकपणे नुसतं एसपी (म्हणजे जात ठरलेली नाही) लिहिलेलं असतं तो विद्यार्थी मला विश्वासाचा वाटतो.

३१ वेगवेगळ्या आहेत की एकच पुन्हापुन्हा, ते आधी बघ. एकाच वेळी झापेक यीस्ट आगारवर २५ आणि ३७ अंशाला, माल्टवर २५ ला, तीन बिंदू लावून, बरोबर सात दिवसांनी व्यास मोज, खालून रंग बघ. तीन बिंदू लावताना बीजाणू कोरडे उचलू नकोस, ०.२ टक्के आगारच्या पातळ द्रावात मिसळून लाव, नाहीतर सगळ्या प्लेटभर उडतात. सारख्या दिसणाऱ्यांचे गट पाड, प्रत्येक गटातला एकच प्रतिनिधी पुढे न्यायचा. ४२ चे माझ्या अंदाजानं बारापंधरा गट होतील.

सिक्वेन्सिंग. आयटीएस हा डीएनएचा तुकडा २०१२ मध्ये बुरशीचा अधिकृत बारकोड म्हणून सुचवला गेला, आयटीएस१ आणि आयटीएस४ प्रायमर १९९० पासून वापरात आहेत, सगळीकडे चालतात. पण आयटीएस कुठे थांबतो ते कळायला हवं. अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मॉड्युलिन, पेनिसिलियमसाठी बीटा ट्युब्युलिन, फ्युजॅरियम आणि ट्रायकोडर्मासाठी टीईएफ, या जनुकांशिवाय जातीपर्यंत जाता येत नाही. म्हणजे काळ्यांना आयटीएस करून तुझे पैसे जातील आणि पुन्हा नायजरच उत्तर येईल. पैसे तिथे घाल जिथे मायक्रोस्कोप गप्प आहे, म्हणजे तुझे न फळणारे पांढरे. आणि ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून बघायचा ऑनलाइन शोध) पहिल्या ओळीत आलेलं नाव उचलू नकोस. तिथे कुणीही चुकीच्या नावानं सिक्वेन्स टाकलेला असू शकतो. टाइप मटेरियलपुरता (जातीला नाव देताना ठेवलेल्या मूळ नमुन्यांपुरता) शोध मर्यादित कर आणि मग बघ किती नावं सारख्याच टक्क्याला उभी आहेत. तीन नावं उभी असतील तर तिन्ही लिही.

तुला एक सोय आहे जी आम्हाला नव्हती. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे, एनएफसीसीआय. शुल्क घेऊन ओळखून देतात आणि कल्चर जमाही करून घेतात, त्याचा नंबर मिळतो, तो प्रबंधात लिहिता येतो. संस्था आगरकर रस्त्यावर आहे, आगरकर वेगळे आणि आघारकर वेगळे, रिक्षावाल्याला नीट सांग. १९४६ ची संस्था. आधी ईमेल कर, शुद्ध कल्चर तिरक्या नळीत ने, भेसळ असेल तर परत पाठवतात आणि ते योग्यच आहे.

शहराच्या मातीला कमी समजू नकोस हे सांगायला अजून एक. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांनी मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवापासून हमायसिन काढलं, त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. ती बुरशी नव्हे, पण बुरशीवरचं औषध त्यातून आलं. आपल्याच आसपासच्या मातीनं ते दिलं.

जावळ_पेटी | छत्रपती संभाजीनगर

उशिरा आलो पण शाळेचं मैदान वाचलं म्हणून लिहितो. तिथे डायल्युशन प्लेट लावू नका, म्हणजे लावा, पण शिवाय केस खाणाऱ्या बुरश्यांसाठी केसांचं आमिष लावा. व्हानब्रोसेगेमनं १९५२ मध्ये दिलेली पद्धत, अजूनही याहून सोपं काही नाही. पेट्री डिशमध्ये अर्धी डिश माती, वर निर्जंतुक केलेले केस पसरायचे, निर्जंतुक पाण्यानं ओलं करायचं, त्या पाण्यात सायक्लोहेक्झिमाइड आणि क्लोरॅम्फेनिकॉल. सायक्लोहेक्झिमाइडनं अ‍ॅस्परजिलस, म्युकर सगळे मागे पडतात, केसानखांतलं केराटिन खाणारे टिकतात. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच वजन करा. २५ ते २८ अंश, चार आठवडे, मधेमधे ओलं करत राहा.

केस लहान मुलांचे सगळ्यात चांगले, तेल आणि रंग न लागलेले. मी माझ्या पीएचडीला आसपास कुणाकडे जावळ आहे का विचारत फिरायचो. एका आजींनी नातवाचं जावळ नदीत सोडायचं त्यातलं मूठभर मला कागदात बांधून दिलं, कशाला हवंय ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शिक्षणाच्या कामाला जातंय, मग तेही चांगलंच. ते केस धुवून, कापून, ऑटोक्लेव्ह करून सहा महिने पुरवले. मी अजून त्यांचं नाव माझ्या प्रबंधाच्या आभारात वाचतो.

कोंबडीची पिसंसुद्धा चालतात. मैदानं, बागा, जिथे मुलं, कुत्री, पक्षी सगळे येतात तिथे या केराटिन खाणाऱ्या बुरश्या हमखास मिळतात.

लॅबवाली_नागपूर

पारव्यांच्या चौकासाठी सांगायचं राहिलं. क्रिप्टोकॉकस शोधायचाच असेल तर कारळ्याचा आगार लागतो. आपण चटणी करतो तेच कारळे, दळून उकळून गाळून. त्यातल्या एका द्रव्यापासून हा यीस्ट मेलॅनिन बनवतो आणि कॉलनी तपकिरी होते, बाकी यीस्ट पांढरे राहतात. त्यात सायक्लोहेक्झिमाइड घालायचं नाही, क्रिप्टोकॉकस त्यानं मरतो. पण हे तू कॉलेजात करू नकोस. एखाद्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीला विचार, त्यांच्याबरोबर मिळून कर. दिल्लीत जांभळाच्या झाडांच्या ढोलीतल्या कुजक्या लाकडातूनसुद्धा हा मिळालाय, म्हणजे नुसता पारव्यांचा प्रश्न नाही. पुण्यात जांभळं कमी नाहीत.

मृद्गंध_२४

पाच आठवड्यांनी लिहितेय, गाइडनी मुदत वाढवून दिली.

डीआरबीसीचा अर्धा डबा खरंच कपाटात होता. प्लेट्स वहीच्या काळ्या पुठ्ठ्यात ठेवल्या. रायझोपस येतो पण आता रुपयाएवढा राहतो. माती धुतलेल्या कणांवर टेकडीच्या पायथ्याच्या प्लेट्समध्ये पूर्ण वेगळंच आलं, नवव्या दिवशी राखाडी काळी, मोहरीएवढी कॉलनी, टेपनं उचलून बघितली तर वाकडे, चार पेशींचे बीजाणू, मधली एक पेशी फुगलेली आणि गडद. कर्व्ह्युलारिया. डायल्युशनमध्ये ती एकदाही आली नव्हती.

४२ चे १३ गट झाले. नदीकाठच्या चारपैकी तिघांना पडदे आहेत, ते आयटीएसला पाठवले. चौथ्याला नाहीत, पाण्यावर तरंगत ठेवलाय, आज सहावा दिवस, अजून काही नाही, हातमोजे घालूनच बघतेय ताई.

चौकाची माती मी डिझर्टेशनमधून काढली. मेडिकल कॉलेजच्या एका मॅडमशी बोलणं झालंय, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

आणि मैदान. मावशीच्या शेजाऱ्यांच्या बाळाचं जावळ मिळालं. १७ व्या दिवशी केसांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, मग हळूहळू दालचिनीच्या पुडीसारखा रंग. टेप लावून स्लाइड केली आणि ४० एक्सखाली बघितलं तर होड्या. दोन्हीकडे निमुळत्या, भिंत पातळ, आत आडवे पडदे, मी मोजले चार, काहींत पाच. दहापंधरा मिनिटं मी नुसती बघत बसले. हे काय आहे ते मला माहीत आहे असं वाटतंय पण तुमच्याकडून ऐकायचंय.

बुरशीमित्र

माहीत आहे तुला. भिंत खडबडीत आहे का ते तेलाच्या लेन्सखाली बघ, असेल तर जुन्या पुस्तकांत मायक्रोस्पोरम जिप्सियम, २०१७ च्या नव्या मांडणीत नॅनिझिया जिप्सिया. दोन्ही नावं लिही, जुनं वाचणाऱ्यालाही कळायला हवं. हा मातीतला आहे पण माणसाला गजकर्ण करतो, म्हणून मास्क, कॅबिनेट, आणि ती डिश मोकळी ठेवायची नाही.

किमान २५ होड्यांची लांबीरुंदी मोज, सरासरी नको, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी दोन्ही दे. हा सारखा उतरवत राहिलीस तर पांढरा, कापसाळ होतो आणि होड्या धरायचा थांबतो, म्हणून आजच्या आज काही तुकडे निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरच्या छोट्या स्क्रू कॅप बाटल्यांत टाकून ठेव, फ्रीजची गरज नाही, तसेच वर्षानुवर्षं टिकतात. एक बाटली आघारकरला, एक कॉलेजला, एक स्वतःकडे. बाटलीवर जागा, खोली, तारीख आणि केस कुणाचे ते पेन्सिलनं लिहून वर पारदर्शक टेप लाव, मार्कर अल्कोहोलनं पुसला जातो.